रकाना सात

बाहेर सरोवर गोठायला लागलंय,
काठाकडून आत आत.
वाचनालयाच्या तळघरात हीटर ठकठकतो
आणि मी तिमाही तक्ता भरतेय:
विद्यार्थी किती, तास किती,
ध्येय काय ठरलं होतं,
आणि रकाना सात: ध्येय गाठलं का?
हो. नाही. चालू आहे.
चौथा पर्याय छापलेला नाही.
शुक्रवारी पाचच्या आत राजधानीत पोचायला हवं,
आकड्यांवर पुढच्या वर्षीचे दिवे, खुर्च्या, मी.

हावो अब्दिल्ले. ध्येय: औषधाच्या बाटलीवरचं वाचणं.
गाठलं. केली खूण.
त्या दिवशी ती बाटली धरून बसून राहिली,
टोपी न काढता, हातमोजेही तसेच.
मग म्हणाली,
दोन वर्षं लेकराला किती चमचे देत होते
ते आज कळलं.
आता रात्री मोजत बसते.
हे कुठे लिहू?
शेऱ्यासाठी जागा दीड ओळ.

डार्लीन कांगस. ध्येय: ट्रकचा परवाना.
गाठलं. पहिल्या झटक्यात.
पुन्हा कधी आली नाही.
तक्त्यावर ती माझं सगळ्यात मोठं यश.
तिचा थर्मास कपाटावर आहे,
आतल्या कॉफीचं काय झालं असेल
ते बघायचं धाडस मला होत नाही.

आणि टोइवो निएमेला, वय त्रेसष्ट.
तीस वर्षं डुलुथच्या गोदीत क्रेन चालवली.
पहिल्या दिवशी विचारलं, ध्येय काय?
म्हणाला, तुम्हीच लिहा काहीतरी, रकाना रिकामा बरा दिसत नाही.
मी लिहिलं: वर्तमानपत्र वाचणं.
त्याने कधीच वर्तमानपत्र आणलं नाही.
तो यायचा, कोट काढायचा नाही,
एका पानावर तासभर बोट ठेवायचा,
बोट पुढे सरकलं की नाही
ते मला कधी दिसलं नाही.
पाच महिने.

काल तो समोर बसलेला,
तक्ता आमच्या दोघांच्या मध्ये, माझ्या बाजूला तोंड करून.
मी चहा आणायला उठले.
परत आले तर टोइवो वाकलेला,
ओठ हलतायत,
नि... रु...
जोडाक्षरापाशी थांबला,
पुन्हा मागे गेला, जसं माल खाली ठेवताना
तो दोर थोडा वर घ्यायचा म्हणे,
निरुत्... त्सा... ही.
निरुत्साही.

माझंच अक्षर. त्याच्याच नावापुढे.
उलटं.

उलटं कसं वाचलंत, मी विचारलं,
कारण दुसरं काही विचारायची माझी छाती नव्हती.
म्हणाला, खाली उभा असलेला माणूस
माझ्याकडे तोंड करूनच खुणा करायचा.
त्याचा डावा तो माझा उजवा.
तीस वर्षं सगळं उलटंच वाचलं मी, मिस हॉलक्विस्ट,
एकदाही कुणाच्या डोक्यावर माल पाडला नाही.

चहा निवत गेला.
मी खोडरबर शोधू लागले,
ड्रॉवरमध्ये, पर्समध्ये, उगीच फायलींखाली.
त्याने तक्त्यावर हात ठेवला,
दोन बोटांना नखं नसलेला रुंद हात,
आणि म्हणाला,
राहू दे. खोडू नका.
हे मी वाचलंय.

मग कोटाची बटणं लावली, जी काढलीच नव्हती,
आणि दारात वळून विचारलं,
मंगळवारी आहे ना?

आज शुक्रवार. पाचला वीस मिनिटं.
खिडकीतून एक जहाज दिसतंय,
हंगामातलं शेवटचं असेल,
बर्फ फोडत पुलाखालून सावकाश निघालंय,
मागे काळं पाणी उघडं ठेवत,
जे लगेच पुन्हा मिटतंय.
वर्तमानपत्र त्याने अजून वाचलेलं नाही.
हो, नाही, चालू आहे.
लेखणीचं टोक मी तिन्हींवरून फिरवते.
राजधानीत कुणीतरी बेरीज करणारं बसलेलं असेल,
बिचारं सुलट वाचणारं,
त्याला मी कुठून सांगू
की या ओळीत शेरा चुकीचा आहे
आणि तो चुकीचा आहे
म्हणूनच तो ठेवलाय.