अडीच तास

खलीलने दम्मामहून आणलेला कॅमेरा
परत जाताना माझ्या स्टुडिओत विकला, अठरा हजारांत, बॅगेसकट.
मी शटर वाजवून पाहिलं,
भिंग उन्हात धरून बुरशी शोधली.
घड्याळ तेवढं पाहायचं राहिलं.

मग ते मानवत रोडचं लग्न.
मुहूर्त बारा पस्तीसचा.
जुना कॅमेरा माझ्या गळ्यात, दम्मामचा मुंजाजीच्या.
रात्री दोन्ही कार्डं एकत्र ओतली, वेळेप्रमाणे लावली,
तर
नवरी रडून गाडीत बसली, काच वर गेली,
आणि त्यानंतर पंगतीत हसत नवऱ्याला जिलेबी भरवायलीय.
मामा आंतरपाट धरून उभा,
त्याच्या आधीच खुर्च्यांच्या चळती लागलेल्या.
मुंजाजी म्हणाला, "मालक, ऱ्हाऊ द्या असंच.
शेवट जरा बरा होतोय."

अडीच तासांचा फरक.
चारशे सात फोटो निवडून एका बटणात पुढं सरकवले.

आमच्या घरात असं कुणी कुणाला सरकवलं नाही.
आजोबांचा जन्म फसली तेराशे सव्वीस, महिना बहमन;
तो कागद अजून उर्दूतच आहे.
दादांचा एक जून. आख्ख्या वर्गाचाच एक जून,
गुरुजींच्या हाताला तीच तारीख सोपी.
माझ्या वेळेला म्हणे मनमाडची पॅसेंजर नुकतीच गेली होती.
कोणत्या वारची, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मेनूत शिरलो.
गावांच्या यादीत सेलू नव्हतं, परभणीही नाही.
दिल्लीवर थांबलो, ओके दाबलं.
तेवढ्यात झुलेखाचाची आली,
हयातीच्या दाखल्याला फोटो पाहिजे म्हणून.
स्टुलावर बसली, पदर सारखा केला,
कॅमेऱ्याकडं बोट करून म्हणाली,
"ह्याच्यात बघून सांग की, खलीलच्या तिकडं किती वाजले?
सुट्टीत आला की ह्यातच दाखवायचा,
अम्मी, हे बघ माझं टाइम."

ते मी आत्ताच पुसलं होतं.
बोटांवर मोजलं, दोनातून अडीच मागं.
"साडेअकरा, चाची."
"म्हंजे अजून जेवला नसंल,"
ती म्हणाली, आणि हनुवटी वर केली.

मेनूत खाली आणखी एक ओळ असते,
बारक्या विमानाच्या चित्राची. परगावची वेळ.
ती फोटोवर उमटत नाही.
तिथं मी रियाध ठेवलंय.
पुढच्या नोव्हेंबरात चाची दाखल्याला येईल, तेव्हा.