नापास

एकतीस वर्षं वरणगावच्या कारखान्यात
मी काडतुसं तपासली.
उजव्या हाताला पास, डाव्या हाताला नापास.
केसाएवढी चीर, पिचकलेलं तोंड,
पितळेवर नखाएवढा डाग : डावीकडे.
लाखांनी गेली असतील या बोटांखालून.
बंदूक मात्र एकदाही खांद्याला लावली नाही.
कुणी लाव म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

आता निंभोऱ्याला दोन एकर केळी
आणि केळीत घुशी.
रात्रीतून ठिबकच्या नळ्या कुरतडतात.
सकाळी खोडाखोडाशी कारंजी,
आणि शेवटच्या ओळीतली पानं
दुपारपर्यंत मिटलेल्या छत्र्यांसारखी.

भुसावळच्या दुकानात पोरानं तीन एअरगन काढून ठेवल्या.
एक प्लास्टिकच्या दस्त्याची, काळी, सिनेमातली वाटावी अशी.
एक दुर्बीणवाली. डोळा लावला तर
समोरच्या मेडिकलच्या पाटीवरचा एक उकार
भिंतीएवढा होऊन अंगावर आला.
"काका, उडत्या डासाचा पाय तोडते ही."
मला डास मारायचे नव्हते.
तिसरी शिसवी दस्त्याची, दोन हात फिरून आलेली,
नळी मोडून भरायची.
स्प्रिंग दाबताना कोपरातून कळ गेली.
तीच घेतली.
का, ते घरी सांगता आलं नाही.
बायकोनं फक्त किंमत विचारली
आणि पोळ्या लाटत राहिली.

छर्ऱ्यांच्या दोन डब्या : चपट्या तोंडाचे, टोकदार.
चपटे जवळून घाव मोठा करतात,
टोकदार लांब जातात, पण वाऱ्याचं ऐकतात.
रमाकांत सोनाराचा काटा मागून आणला,
ओसरीत बसून शंभर चपटे तोलले.
सव्वीस नापास.
ते एका आगपेटीत घालून ठेवले.
जुम्मा तडवी, आमचा राखणदार, उकिडवा बसून बघत होता,
गळ्यात गलोल, खिशात भाजलेल्या मातीच्या गोळ्या.
"साहेब, घूस काय वजन इचारते का?"

त्यानं शिकवलं ते एवढंच :
पांढरा सदरा नको.
बॅटरीला लाल पन्नी बांधा.
बिळाकडे नाही, पाण्याकडे तोंड करून बसा.
आणि तंबाखू नको, तिले वास लागते,
म्हणाला आणि स्वतः मळायला लागला.

वैशाख. रात्रीचे बारा, तरी वारा
भट्टीचं दार उघडल्यासारखा.
सातपुड्यावर वणव्याची बारीक लाल रेघ.
पहिली आली ती थांबलीच नाही, नळीकडे धावत गेली.
आवाज झाला कुणी एक टाळी वाजवावी एवढा.
जुम्मानं शेपटीला धरून आणली.
मी हातावर घेतली. अर्ध्या किलोला थोडी कमी,
काटा लागला नाही.
पोट अजून गरम.
मिशीवर पाण्याचा एक थेंब,
तो पडायचा राहिला होता.

"कानामागं बरोबर," जुम्मा म्हणाला. "पास."

मी नळी मोडली, खिशात हात घातला, छर्रा भरला.

दुसरी तासाभरानं आली.
पुढचे दोन पाय नळीवर ठेवून
तिनं तोंड लावलं,
शाळेच्या नळाला पोरं लावतात तसं.
लाल उजेडात तिचा गळा हलत होता.
मी श्वास धरला, घोडा ओढला,
आणि छर्रा नळीत.
पाणी हातभर उडालं. ती पळाली.
मी बसून राहिलो.
थोड्या वेळानं परत आली, मागे आणखी दोन.
माझ्याच भोकाशी.

सकाळी जुम्मानं ओळीतून चालत भोकं मोजली.
"त्यायचे अकरा. तुमचं एक.
पण तुमचं गोल हाय, साहेब."
मी बारा जॉइनर आणले.

रात्री आगपेटी उघडून मोजली.
पंचवीस.
पुन्हा मोजले. पंचवीस.
डावीकडचा एक खिशात कसा आला,
एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.