उसनी लाइन

वसमतच्या हळद बाजारात एकच तार येते,
नांदेड रोडच्या खांबावरून.
शंभरची म्हणतात, मोजली तर ब्याण्णव.
ती वाटायची, हे माझं काम.

सगळ्यात आधी लिलाव.
बोली पडद्यावर उशिरा उमटली तर
व्यापारी टेबलावर मूठ आपटतात, आणि आपटावीच,
क्विंटलमागे दोनशेचा फरक पडतो.
मग बँक. मग काट्याच्या पावत्या.
मग कॅमेरे, दिवसभर पोत्यांकडे बघत बसणारे.
आणि तळाला, पाचव्या ओळीत,
मी नाव दिलंय 'इतर'.
इतर म्हणजे हमालांची पडवी.

माझे दादा पाटकरी होते, सिद्धेश्वरच्या कालव्यावर.
खांद्यावर दाराची चावी, बंडीच्या खिशात पाळ्यांची वही.
एखाद्या रात्री हेडवाला झोपून राहिला,
पाळी असून दार उघडलं नाही,
तर दादा ते पाणी खाली सोडायचे, कुणाला न विचारता.
'त्याचंच हाये. पर त्याला आत्ता नको हाये.
उठला की त्याचं त्याला.'
उठल्यावर पाणी वळवायला अर्धा तास लागायचा,
शिव्या खायला तेवढाच.

माझ्या तारेत वळवायला पापणीसुद्धा लवत नाही.
पण कालव्याला होती ती एक सोय इथे नाही:
न वापरलेलं मागे राहत नाही.
ह्या सेकंदाची रिकामी जागा
ह्या सेकंदाबरोबर जाते.
तिची ओल नाही, पाझर नाही,
दुसऱ्या दिवशी विहिरीत वीतभर चढलेलं काही नाही.
म्हणून नियम लिहिला:
ज्याचं पडून आहे, त्याचं उसनं घ्यावं.
वरच्याने आधी, उरलं तर खालच्याने.
आणि धन्याने हाक मारली
की अर्ध्या घासावरून उठावं.

रात्री अकरा. लिलाव मिटलेला, बँक मिटलेली.
सटवाजी टोंपे पडवीत पोत्याला टेकून
लेकीशी बोलतोय. ती जालन्याला, नर्सिंगला.
हळदीने पिवळ्या अंगठ्याने पडदा पुसतो,
पडदा आणखी पिवळा होतो.
'आज लई ठळक दिसायलीस माय.'
दिसणारच.
तो लिलावाच्या जागेवर बसलाय,
बँकेच्या गादीवर पाय पसरून,
आणि त्याला ते माहीत नाही.
सांगावं वाटलं. नाही सांगितलं.

मार्चात आवक फुटली.
ट्रॅक्टरांची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत,
लिलाव रात्री नऊलाही चालूच,
बँक चालू, काटा चालू,
सगळे आपापल्या पूर्ण हक्काने जेवत होते.
'इतर'ची हमी मी शून्य लिहिली होती.
उसनवारीवर चाललंय की, म्हटलं होतं, कशाला.

लेकीचा चेहरा आधी चौकोन चौकोन झाला,
मग नुसता एक डोळा राहिला,
मग फिरणारं चाक.
सटवाजी माझ्या खोलीच्या दारात आला, चपला बाहेर काढून.
'बाई, आज तिचा निकाल व्हता.
पास आसं ऐकू आलं बगा.
त्येच्या आदी ना व्हतं का नव्हतं,
ते कायी कळलं नाई.'

मी नोंदी तपासल्या.
नियम बरोबर चालला होता.
यंत्राची चूक शून्य.
माझी चूकही शून्यच,
पाचव्या ओळीत, माझ्याच हाताने टाईप केलेली.

लिलावातून दोन काढले, तिथे घातले.
दोनात चेहरा धड मावत नाही,
आवाज मावतो, 'ना' असला तर 'ना'सकट.
चेहरा उसनाच राहील, रात्रीचा, रिकाम्या बाजाराचा.
सटवाजीला म्हटलं, आता लावा.
तो तिथेच उंबऱ्यावर बसला. मी पाठ केली.

सकाळी सचिवांनी विचारलं,
लिलावातले दोन कुठे गेले?
टेलला, मी म्हटलं.
त्यांना वाटलं, कुठली तरी कंपनी असेल.
वहीत तसंच लिहून घेतलं.