पाठीतले कागद

पाळकसाहेबांनी रिक्षातून पाठवलं
वेदीवरचं थोरलं शास्त्र.
सोबत चिठ्ठी : शिवण सुटलीय, ईस्टरच्या आत हवं.
खाली ‘कृपया’ असं दोनदा.

सोलापुरात मार्च सरता सरता
सकाळी शिजवलेली खळ दुपारी आंबते.
चिमूटभर मोरचूद घालतो, झुरळं तरी लांब राहतात.
शेजारी मल्लेशमचे दोन माग,
त्याची खळ सुताला, माझी कागदाला.
एकाच चक्कीचं पीठ. उधारीही एकाच वहीत.

पाठ उसवली.
जुन्या बाइंडरांची रीत असते,
पाठ ताठ राहावी म्हणून आत रद्दी भरायची :
लग्नपत्रिका, गिरणीच्या हजेरीचे तक्ते.
मी स्वतः एकदा कोर्टाच्या नोटिसा भरल्यात
तेलुगू शाळेच्या नकाशावहीत.

यातून निघाल्या अकरा पट्ट्या.
बोटभर रुंद, तपकिरी शाई,
‘ळ’ काजाच्या टाक्यासारखा आवळलेला.
ओल्या फडक्यानं सोडवल्या, फरशीवर मांडल्या.

मुलानं ओढ्याकाठी चिखलाच्या चिमण्या
इथं कात्री.
तेव्हा पेत्र रागावला, म्हणाला, एका बाईला हे
इथं कात्री.
कोणी द्यायला तयार होईना, म्हणून तिनं आपली आपणच
पुढं कागद आहे, अक्षर नाही.
पाण्याचा डाग.
तोही बहुधा माझ्याच फडक्याचा.

मी रविवारच्या शाळेतला मुलगा.
वचनं पाठ म्हणून दोनदा कंपास जिंकलेला.
यातलं एकही वाक्य
मला कोणी कधी पाठ करायला दिलं नव्हतं.

संध्याकाळी शांतवन मास्तर आले.
नव्वदीचे. पट्ट्या डोळ्यांजवळ धरल्या,
मग नाकाजवळ.
“तुळजाबाई,” म्हणाले. “सुवार्ता सांगणारी.
बार्शी, करमाळा, सगळं पायी.
मडमेच्या कपाटात होती ती पुस्तकं,
शास्त्र ठरवताना बाहेर राहिलेली.
मडम सांगायची, ही कंदिलाखाली मराठी करायची.
मंडळीत कळलं. बैठक झाली, ठराव झाला.
माझा बाप होता त्या बैठकीत.
कागद गेले रद्दीत.”
“रद्दी कोणी घेतली?”
मास्तर काही बोलले नाहीत.
माझ्या मागं, कोपऱ्यात,
आजोबांचा लोखंडी चाप आहे. तिकडं बघत राहिले.

मंडळीचं रजिस्टरही माझ्याकडंच येतं शिवायला.
गेल्या पावसाळ्यात त्यातलं एक पान चिकटवलं होतं मी :
तुळजाबाई. वय अदमासे तीस. ठिकाण कंबर तलाव.
बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव –
रकाना कोरा.
तेव्हा मी म्हटलं होतं, कारकून झोपला असेल.

आजोबांना आठवायचा प्रयत्न केला.
बंब पेटवता आला असता त्या कागदांवर.
जिथं कुणी बघत नाही तिथंच ठेवले त्यांनी,
असं म्हणावंसं वाटतं.
पण आजोबा चार आण्याचा पुठ्ठा वाचवायला
मैलभर चालत जाणारा माणूस.
कोणता हात होता त्या दिवशी,
चापाला विचारून काय कळणार.

रात्री मागाचा खडखडाट थांबला.
पट्ट्या वाळल्या होत्या, कडा जरा वळलेल्या.
नवी मलमल लावली. तिच्यावर एकेक बसवली,
सुरकुती न पडू देता, अक्षरं आतल्या बाजूला,
म्हणजे पानांकडं तोंड करून.
दहा.
अकरावी माझ्या पाकिटात आहे, कोणती ते सांगत नाही.

बिल केलं : शिवण, मलमल, खळ, साडेतीनशे.
जुन्या कागदाचे लावले नाहीत.

सोमवारी पाळकसाहेबांचा फोन.
काम छान झालंय, म्हणाले,
पण पाठ जरा जाड वाटते.
म्हटलं, नवीन आहे,
उघडत राहा. बसेल.