ओळ क्रमांक सदतीस

धुळ्याच्या ओपीडीत तीन वर्षं
मी माणसांचे पाय हातात धरले.
गुडघा वाकवा. टाच टेकवा. अजून एकदा.
दिवसाला बावीस पाय, मे महिन्यात,
पंखा छताला नुसता लोंबकळत असताना.
केसपेपरवर शेवटी एकच शब्द : "सुधारणा".
माझ्याच अक्षरात,
आणि मलाच न पटणारा.

किती सुधारणा? कुणाहून? कधीपासून?
हे विचारायला जळगावला गेले,
गिरणेकाठच्या टेकडीवर, विद्यापीठात.
वर्गातली बाकीची मुलं गणितातून आलेली,
मी घोट्यातून.
पहिल्या सत्रात संख्याशास्त्रात बत्तीस गुण.
आई फोनवर म्हणाली,
"हाताचं काम सोडलंस नि बोटांचं धरलंस,
आता चष्मा लागेल बघ."
लागला.

मग अमळनेरचे साठ पेशंट,
सगळे अर्धांगवायूतून उठलेले,
प्रत्येकाच्या घोट्याला काडेपेटीएवढा सेन्सर,
सेकंदाला पन्नास नोंदी.
सातव्या दिवशी लॅपटॉप उघडला तर
पाय कुठेच नव्हते,
नुसत्या रेघा, भूकंपाच्या कागदावर असतात तशा.
मी बोटाने एकेक रेघ चाचपत होते
सवयीने, पोटरी चाचपावी तशी.

ओळ क्रमांक सदतीस : पुरुष, एकसष्ट, उजवी बाजू.
सहा मिनिटांच्या चाचणीत चार वेळा थांबला,
तीन महिने आकडा जागचा हललेला नाही.
पण रोज पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
दोनशे बारा पावलं,
मग थोडी शांतता,
मग परत दोनशे बारा.
लोहार मॅडम म्हणाल्या, "गडबड आहे सेन्सरची,
नाहीतर पोरांनी खेळायला घेतला असेल.
ओळ काढून टाक."
कर्सर लुकलुकत राहिला.
रात्रभर माझा हात होईना.

सकाळच्या एसटीने अमळनेर.
झिपरूआप्पा ओट्यावर बसलेले,
डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवत.
जिनिंगात हमाल होते,
कापसाची पावणेदोनशे किलोची गाठ
दोघांत उचलायचे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.
पहाटेचं विचारल्यावर
आधी घरात बघितलं, मग रस्त्याकडे,
मग हळूच :
"दिनमां लोके देखतस, बेटा.
म्हनीसन अंधारामां चालस मी."

घरापासून जिनिंगच्या फाटकापर्यंत.
फाटकाला हात लावायचा, वळायचं.
मी भर उन्हात मोजत गेले ते अंतर,
माझी पावलं एकशे अठ्ठावन्न भरली.
फाटकाचा गज एका जागी
घासून चकचकीत झालेला.
तो त्यांचा होता की सगळ्या गावाचा,
सांगता येणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही.

परतीच्या गाडीत, पारोळ्याच्या अलीकडे कुठेतरी
एकदम आठवलं :
माझ्याच कोडमधली एक ओळ,
रात्री अकरा ते पहाटे चार म्हणजे झोप,
त्या वेळेतलं सगळं पुसून टाक.
झोप, असं मी ठरवलं होतं.
कुणालाही न विचारता.
आप्पा दहा मिनिटं उशिरा निघायचे
म्हणून तेवढे वाचले.

होस्टेलवर वीज नव्हती.
बॅटरी एकोणीस टक्के.
ती ओळ काढली आणि पुन्हा सगळं चालवलं.

आणखी अकरा जण निघाले.
कुणी दीडला, कुणी पावणेतीनला,
एक बाई, क्रमांक आठ, रोज फक्त चाळीस पावलं,
बहुतेक अंगणातल्या अंगणात.
पडद्यावर त्यांच्या रेघा
एकाखाली एक उमटत गेल्या,
आणि मी खोलीतला आवाज बंद ठेवला,
पंखा तर बंदच होता,
श्वाससुद्धा जरा हळू घेतला,
कुणीतरी बघतंय असं त्यांना वाटू नये म्हणून.