समास

कातडं आहे हे. वासराचं.
आठशे वर्षं झाली तरी पावसाळी हवेत
कडा अजून वर उचलतं, अंग चोरल्यासारखं,
आणि मी वजनं ठेवून त्याला झोपवते:
लिंकनच्या टेकडीवर, कॅथीड्रलमागच्या खोलीत,
सोमवार ते गुरुवार, दहा ते चार.

मजकूर लॅटिन. तो मला येत नाही.
माझं काम डागडुजीचं.
शाईने कातडं खाल्लं तिथे ठिगळ,
कसर लागली तिथे जपानी कागदाची पापडी.

आणि समासात ती सगळी असतात.
एकाला डोकंच नाही, छातीत तोंड.
एक पाठीवर पहुडलेला, एकुलता पाय वर करून
त्याचीच सावली घेतोय.
तिघे कुत्र्याच्या तोंडाचे, हातवारे करत
एकमेकांना काही पटवून देतायत.
मिस्टर ऑल्डरसननी चष्मा कपाळावर ढकलला:
"हे तुमच्याकडचे बरं का. इंडियातले.
काढणारा ही टेकडीसुद्धा कधी उतरला नसेल."
मी म्हटलं, मिरजेला माझे एक काका होते बिनडोक,
पण छातीत तोंड नव्हतं त्यांना.
ते नुसतेच बघत राहिले.
आमचा बिनडोक इंग्रजीत पोचेपर्यंत मेला होता.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस.
बोटांवर फुंकर मारत, मेणबत्ती पुरवत
कुणीतरी इथे मला काढत बसला होता,
माझ्या खापरपणजीच्या खापरपणजीलाही
नाव ठेवायच्या आधी.

मग ऑगस्टात खालच्या वस्तीत एक अफवा आली
आणि तिच्यामागून माणसं आली.
मी पडद्याच्या फटीतून पाहिलं.
शेपूट कुणालाच नव्हतं.
फुटबॉलचे टी-शर्ट होते. एका बापाच्या खांद्यावर
पोर बसलं होतं, आइस्क्रीम खात,
ओघळ त्याच्या केसांत.
वीट उचलणारी बाई माझ्या ओळखीची.
पोस्टाच्या खिडकीतली डोरीन.
दरवर्षी माझ्या राखीच्या पाकिटावर
तिकीट अगदी सरळ लावायची,
अंगठ्याने दाबून, जणू कुणाला टिळा.

दहाच्या सुमारास दार वाजलं.
तीनदा. मग तळहाताने.
मग नुसत्या नखांनी, खालच्या बाजूला,
म्हणजे जे कोण होतं ते बसलं होतं.
फळीला ओठ लावून काहीतरी सांगत होतं,
हळू, भरभर, कुठल्याशा भाषेत.
मजकूर मला येत नव्हता.

माझ्या हातात कातडं तासायची अर्धगोल सुरी.
ती कामावरून घरी कधी आणली, आठवत नाही.
आठवते मूठ, ऊबदार,
आणि जिभेखाली सुटलेलं पाणी
आणि मनात, स्वच्छ मराठीत:
ये. ये ना आत. येच तू.

दार उघडलं नाही.
याला शहाणपण म्हणतात, असं बहिणीने फोनवर सांगितलं.
सुरीचं तिला सांगितलं नाही.

सकाळी उंबऱ्याशी एक चप्पल होती.
एकच. डाव्या पायाची. लहान मापाची.
दोन दिवस मी ती ओलांडून गेले.
तिसऱ्या दिवशी चौकशीला गेले, तर पोलिसांनी विचारलं,
आधी का नाही आलात.

सोमवार. दहा.
एका पायाचा आपला पाय वर करून पडलाय.
त्याच्यावरून मी पान जरा घाईने उलटते.
पुढच्या पानावर, पार शिवणीला लागून,
पुस्तक पूर्ण उघडल्याखेरीज दिसतच नाही,
तिथे काढणाऱ्याने स्वतःला काढलंय.
बोटभर. टक्कल. पाठीला पोक.
उजव्या हातात पीस, डाव्यात सुरी.
खोडायला, असं पुस्तकांत लिहितात.
असेल.
चेहरा शाबूत आहे, भलता साधा,
पोस्टात रांगेत उभा असावा तसा.
डाव्या हाताचा रंग मात्र सुटत चाललाय, पापुद्रे उठलेत;
आज नाही बसवला तर हिवाळ्यात झडेल.

मी सरस कोमट केला.
सर्वांत बारीक ब्रश घेतला.
श्वास धरला,
आणि पात्यापासून सुरुवात केली.