आमच्या भाषेत भविष्यकाळ नाही

तार्तूमध्ये, नदीकडच्या खोलीत बसून
मी परक्या सिनेमांना एस्टोनियन बोलायला लावते.
ओळी दोन. एका ओळीत सदतीस अक्षरं.
त्यात मावेल तेवढंच प्रेम.

आजच्या सिनेमात ती चेलो वाजवते.
व्हिएन्नाहून पत्र आलंय, गाडी सुटायला चार मिनिटं,
आणि तो फलाटावरून धावत येतोय,
एकाही बॅगेला न अडखळता.
ती उतरणार. मला कालपासून माहीत आहे :
एक तास, एकतीस मिनिटं, सात सेकंद.
तिचं पाऊल पडायच्या आधी
तिथे आकडा जाऊन बसलाय.
कपाळावरचं लिखितही इतकं नेमकं नसतं.

ती म्हणते, "मी राहीन."
इथे माझी पंचाईत होते.
आमच्या भाषेत भविष्यकाळ नाही.
'उद्या येते' म्हणतो आम्ही, 'म्हातारी होते' म्हणतो,
सगळं आत्ताच चालू असल्यासारखं.
म्हणून मी लिहिते : मी राहते.

राहीन एकदा म्हटलं की झालं.
राहते रोज म्हणावं लागतं,
बटाटे सोलताना, बिलं भरताना,
हिल्लारच्या घोरण्याच्या मधल्या फटीत.

मलाही पत्र आलं होतं. हेलसिंकीहून. पूल बांधायला शिकायचं.
हिल्लारने कांद्यांच्या व्हॅनमधून मला ताल्लिनच्या धक्क्यावर सोडलं.
रात्री वादळ झालं, बोट रद्द.
हे सगळ्यांना सांगते मी, लग्नात, वाढदिवसांना :
समुद्राच्याच मनात नव्हतं हो!
लोक हसतात, ग्लास उचलतात.

पुढचं सांगत नाही.
दुसऱ्या दिवशीही बोट होती.
पाणी काचेसारखं. भोंगा दोनदा वाजला, मी ऐकला.
तो धावत आला नाही. तो तिथेच होता,
पुठ्ठ्याच्या तुकड्याने काचेवरचा बर्फ खरवडत.
'राहा' म्हणाला नाही, 'जा' म्हणाला नाही.
तो मनाचा मोठा होता की अर्धवट झोपेत,
हे मला सव्वीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.
मी चहा संपवला. कपाच्या तळाशी साखर राहिली होती,
तीही चमच्याने खाल्ली.
एवढा वेळ होता माझ्याकडे.

आता तो धुरी दिलेल्या माशाची बशी घेऊन आत येतो,
पडद्याकडे बघतो.
"उतरली?"
"उतरली."
"मग?"
"मग नावं येतात."
तो काटा काढतो, बशीच्या कडेला ठेवतो.
"आणि चेलो?"

मी फिल्म मागे नेते.
ती उतरते तेव्हा दोन्ही हात त्याच्या गळ्यात.
चेलो वरच्या फळीवर, गाडी हलते,
तो एकटाच व्हिएन्नाला जातो.
त्याबद्दल कुणी काही बोलत नाही,
म्हणून मला काही लिहायचं नसतं.

"तुझी नकाशांची नळी," हिल्लार दारातून म्हणतो,
"माळ्यावर आहे. ओल नाही लागलेली.
मी बघतो अधूनमधून."

तो गेल्यावर मी अक्षरं मोजली.
दोन ओळींत बसत नव्हती.